अवकाशातला कचरा उचलायचा कसा? नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास नागपूरच्या आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग शांतपणे सरकत गेली. गच्चीगच्चीवर लोक उभे होते. मी शहरात आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो, त्यामुळे त्या रात्री माझा फोन थांबला नाही, आणि प्रश्न अजूनही येतात. पहिल्या वर्षी लोक विचारायचे, "ते काय होतं?" आता विचारतात, "हे साफ का करत नाही कोणी?" हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. म्हणून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सोपे आधी, किचकट नंतर.

१. अवकाशातला कचरा म्हणजे नक्की काय? उल्का त्यात मोजतात का?

उल्का मोजत नाहीत. माणसाने वर नेलेली आणि आता कामाची न उरलेली प्रत्येक वस्तू म्हणजे कचरा. बंद पडलेले उपग्रह, रॉकेटचे रिकामे वरचे टप्पे, उपग्रह सुटताना निघालेली झाकणं आणि पट्टे, टाक्या फुटून उडालेले पत्रे, रंगाचे पापुद्रे असं सगळं त्यात येतं. लोणारचं विवर ज्याच्या आघाताने झालं तो पाषाण सूर्याभोवती फिरताफिरता इथे आला होता. कचरा मात्र पृथ्वीभोवतीच घिरट्या घालतो आणि पुन्हापुन्हा त्याच वाटेवर येतो. उल्का आली आणि गेली, कचरा मुक्कामाला राहतो.

२. पाडव्याला नागपुरातून दिसलं ते काय होतं?

अभ्यासकांच्या मते तो चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' रॉकेटचा तिसरा टप्पा होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्या रॉकेटने एक उपग्रह वर नेला आणि रिकामा टप्पा वर्षभर फिरत राहिला. दर फेरीत विरळ हवेला घासत तो खाली येत गेला आणि नेमका आपल्या डोक्यावर वातावरणात शिरला. बराचसा भाग जळाला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात मात्र सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आणि पवनपारसारख्या आसपासच्या ठिकाणी गोळे सापडले. ते गोळे म्हणजे रॉकेटमधल्या उच्च दाबाच्या वायूच्या टाक्या. इस्रोच्या शास्त्रज्ञांनी येऊन तुकडे तपासले. कोणाला इजा झाली नाही. पण तीन मीटरचं कडं गावात पडतं आणि सगळे सुखरूप राहतात, याचं श्रेय नशिबालाच द्यावं लागतं.

३. वर एकूण कचरा आहे तरी किती?

जमिनीवरच्या रडार आणि दुर्बिणींना साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वस्तू नीट दिसतात. नियमित माग ठेवला जातो अशा वस्तू ४० हजारांच्या आसपास आहेत, चालू उपग्रह धरून. त्याखालचं सगळं अंदाजाने मोजावं लागतं. युरोपीय अवकाश संस्थेच्या अंदाजानुसार एक सेंटिमीटरपेक्षा मोठे तुकडे दहा लाखांहून जास्त आहेत आणि एक मिलिमीटरपेक्षा मोठे १३ कोटींच्या घरात.

आकड्यांनी दडपून जायला होतं, पण साफसफाईचा विचार करताना संख्येपेक्षा वजन महत्त्वाचं. ते का, हे प्रश्न ९ मध्ये आहे.

४. सुपारीएवढ्या तुकड्याने असं काय बिघडतं?

वेगामुळे बिघडतं. खालच्या कक्षेत वस्तू सेकंदाला साडेसात-पावणेआठ किलोमीटर जातात. या वेगाने झिरो माइलवरून निघालात तर दहा सेकंदांत वर्धा येईल आणि समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर दीड मिनिटात संपतील. दोन वस्तू आडव्यातिडव्या येऊन भिडल्या तर एकमेकींच्या तुलनेतला वेग सेकंदाला दहा किलोमीटरच्याही पुढे जातो.

हिशेब करून पाहू. एक सेंटिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची गोळी जेमतेम दीड ग्रॅमची. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने ती आदळली तर तिच्यातली ऊर्जा ताशी चाळीसेक किलोमीटरने धडकणाऱ्या एक टनाच्या मोटारीएवढी असते. तीही नखाएवढ्या जागेत. यानाचं कवच साधारण सेंटिमीटरपर्यंतचे तुकडे झेलू शकतं, दहा सेंटिमीटरच्या पुढचे आधी दिसतात म्हणून यान बाजूला घेता येतं. मधले, एक ते दहा सेंटिमीटरचे, ना दिसतात ना झेलता येतात. उपग्रह चालवणाऱ्यांची झोप उडते ती या मधल्या तुकड्यांमुळे.

५. कचरा आपोआप खाली येऊन जळतोच ना? मग साफ कशाला करायचा?

किती उंचीवर आहे त्यावर सगळं ठरतं. अवकाश स्थानक ज्या उंचीवर आहे त्या ४०० किलोमीटरवरची वस्तू साधारण वर्ष-दोन वर्षांत खाली येते. ६०० किलोमीटरवर हाच काळ काही दशकांचा होतो. ८०० वर शतक किंवा त्याहून जास्त, आणि हजार किलोमीटरच्या वर गेलात तर हजारेक वर्षं.

सूर्याचाही यात हात असतो. सूर्य जास्त सक्रिय असला की वरचं वातावरण तापून फुगतं, घर्षण वाढतं आणि कचरा लवकर उतरतो. अमेरिकेचं 'स्कायलॅब' स्थानक अपेक्षेआधी कोसळलं त्यामागे हे एक कारण होतं. १९७९ च्या जुलैमध्ये "स्कायलॅब पडणार" म्हणून घराघरांत धास्ती होती, हे आजही कार्यक्रमात आजी-आजोबा सांगतात. ते अखेर ११ जुलैला हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं.

तर खालच्या मजल्यावरचा कचरा निसर्ग काढतो. अडचण ७०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्याची आहे. पृथ्वीचे फोटो काढणाऱ्या आणि हवामान पाहणाऱ्या उपग्रहांची ती आवडती जागा, आणि तिथे साचलेलं आपल्या नातवंडांच्या काळातही तिथेच असेल.

६. घंटागाडीसारखं एक यान पाठवून सगळं गोळा का करत नाहीत?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. घंटागाडी गल्लीत शिरते तेव्हा सगळी घरं जागच्या जागी असतात. वर प्रत्येक वस्तू आपापल्या वाटेने, आपापल्या दिशेला धावत असते. दोन तुकडे एकाच उंचीवर असले तरी त्यांच्या कक्षा वेगवेगळ्या तिरप्या असतील, तर एकाकडून दुसऱ्याकडे जायला वेगाची दिशाच बदलावी लागते. इंधन जातं ते त्यात.

८०० किलोमीटरवरून एखादी वस्तू वातावरणात ढकलायची तर वेग सेकंदाला साधारण २०० मीटरने कमी करावा लागतो. त्याच उंचीवर कक्षेचा कल फक्त दहा अंशांनी बदलायचा तर सेकंदाला जवळपास १३०० मीटर. म्हणजे कचरा खाली टाकण्याच्या सहापट खर्च नुसता शेजारच्या गल्लीत जायचा.

यातून एक पळवाट आहे आणि मला ती फार सुंदर वाटते. पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगीर आहे. त्या फुगवट्याच्या ओढीने कक्षांची प्रतलं (कक्षा ज्या सपाट पातळीत असते ती) हळूहळू फिरत असतात आणि वेगवेगळ्या उंचीवर वेगवेगळ्या गतीने फिरतात. सफाई करणारं यान थोडं खाली किंवा वर थांबून राहिलं, तर काही महिन्यांत त्याचं प्रतल पुढच्या वस्तूच्या प्रतलाशी आपसूक जुळतं. इंधनाऐवजी वेळ खर्चायची. मात्र दोन्ही कक्षांचा कल आधीच सारखा हवा. त्यामुळे 'एक यान, अनेक वस्तू' अशी योजना जमू शकते, पण एकाच वस्तीतल्या चार-पाच घरांपुरती.

७. जाळं, भाला, चुंबक, यांत्रिक हात यांपैकी खरंच काय चालतं?

थोडंथोडं सगळंच करून पाहिलं गेलं आहे. ब्रिटनच्या सरे विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या 'रिमूव्हडेब्री' मोहिमेत सप्टेंबर २०१८ मध्ये जाळं टाकून दाखवलं. यानाने स्वतःच सोडलेला एक छोटा उपग्रह त्यात सापडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये दांड्यावर धरलेल्या पत्र्यात भाला मारला, तोही बसला. त्याच मोहिमेत शेवटी घर्षण वाढवणारं शीड उघडायचं होतं, ते नीट उघडल्याचा पुरावा मिळाला नाही. आपलाच पत्रा आपणच धरून त्यावर भाला मारणं ही तालीम झाली. तरी तालीम झाली याला मी मोल देतो.

जाळ्याचा फायदा असा की वस्तू कशीही वेडीवाकडी असली तरी अडकते. तोटा असा की अडकल्यावर ती दोरीच्या टोकाला लटकून हिसके देते आणि ओढणाऱ्या यानालाच फिरवते. भाल्याची भीती वेगळी: टाकीत इंधन उरलं असेल तर भोक पाडून आपणच नवा स्फोट घडवू.

जपानच्या ॲस्ट्रोस्केल कंपनीने २०२१ मध्ये चुंबकाची पद्धत वापरली. त्यांच्या 'एल्सा-डी' यानाने सोबतचा छोटा उपग्रह सोडला आणि ऑगस्टमध्ये चुंबकाने परत पकडला. पुढे काही थ्रस्टर, म्हणजे यान हलवणारी छोटी इंजिनं, बिघडल्याने मूळ योजनेतलं सगळं झालं नाही. चुंबकासाठी उपग्रहावर आधीपासून लोखंडी चकती बसवलेली असावी लागते. आजपासून प्रत्येक उपग्रहाला अशी चकती लावली तर पुढच्या पिढीचं काम सोपं होईल, ट्रकला मागे ओढायचा हूक असतो तसं. जुन्या कचऱ्याला याचा उपयोग नाही.

यांत्रिक हातांची मोठी योजना युरोपची, 'क्लिअरस्पेस-१'. २०२० मध्ये ८.६ कोटी युरोंचं कंत्राट झालं. पकडायचा होता २०१३ पासून वर असलेला, रॉकेटवर उपग्रह बसवण्यासाठीचा ११२ किलोचा एक जोडभाग. २०२३ मध्ये कळलं की त्याच्याभोवती नवे तुकडे दिसत आहेत. जो कचरा उचलायचा, त्यालाच दुसरा बारीक कचरा लागला होता. पुढच्या वर्षी लक्ष्य बदलून 'प्रोबा-१' हा जुना उपग्रह निवडला.

जपानच्या अवकाश संस्थेने २०१७ मध्ये ७०० मीटर लांबीची विद्युतवाहक दोरी सोडून पाहायचं ठरवलं होतं. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रातून अशी दोरी ओढली की तिच्यात वीज वाहते आणि वस्तूला मागे खेचणारा जोर तयार होतो, इंधन लागत नाही. दोरी बाहेरच आली नाही. कल्पना मात्र पक्की आहे आणि माझ्या मते ती सोडून देऊ नये.

माझं मत विचाराल तर मोठ्या वस्तूंसाठी हातच. हाताने धरलं की वस्तू आणि यान एकजीव होतात आणि नेमकं कुठे टाकायचं ते ठरवता येतं.

८. मेलेला उपग्रह भोवऱ्यासारखा गिरक्या घेत असेल तर त्याच्याजवळ जाणार कसं?

खरी परीक्षा पकडण्याच्या आधीच असते. मेलेली वस्तू ना संदेश देते, ना वळते, ना धरायला जागा देते. ती कशी फिरतेय, तिचा पत्रा कुठे फाटलाय, हे जवळ जाऊन पाहावं लागतं.

हे पाऊल पडलं आहे. ॲस्ट्रोस्केलचंच 'अद्रास-जे' यान फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलं आणि जपानच्या एका जुन्या एच-२ए रॉकेटच्या टप्प्यापर्यंत पोचलं. २००९ पासून वर असलेला, सुमारे अकरा मीटर लांब, तीन टनांचा हा नळकांडा. यानाने त्याला प्रदक्षिणा घातली, फोटो पाठवले आणि वर्षाच्या अखेरीस त्याच्यापासून पंधरा मीटरवर जाऊन दाखवलं. ते फोटो कार्यक्रमात पडद्यावर लावले की सभागृह गप्प होतं. इतकी वर्षं ज्याला आपण यादीतला एक क्रमांक म्हणत होतो, त्याचा चेहरा दिसतो. पुढच्या यानाने हाच टप्पा हाताने धरून खाली आणायचा, अशी योजना आहे.

जोरात फिरणाऱ्या वस्तूंसाठी आणखी एक विचार आहे. आयनांचा, म्हणजे विद्युतभारित कणांचा, झोत दुरून मारून, स्पर्श न करता तिची गिरकी मंदावायची किंवा तिला ढकलायचं. हे अजून कागदावर आणि प्रयोगशाळेत आहे.

९. सुरुवात नेमकी कुठून करायची? आधी छोटे तुकडे की मोठे?

मोठे. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

लाखो छोटे तुकडे आले कुठून? मोठ्या वस्तू फुटून आणि धडकून. १० फेब्रुवारी २००९ ला सायबेरियावर ७८९ किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा चालू उपग्रह 'इरिडियम ३३' आणि रशियाचा मेलेला 'कॉसमॉस २२५१' एकमेकांवर आदळले. दोनाचे दोन हजारांहून अधिक मागोवा घेता येण्याजोगे तुकडे झाले. टक्कर होण्याआधी दोनपैकी एक उचलणं म्हणजे एक फेरी. नंतर दोन हजार उचलणं म्हणजे काय, ते प्रश्न ६ वाचल्यावर कळेलच.

धोकादायक वस्तूंच्या याद्या तज्ज्ञांनी केल्या आहेत. त्यांत वरच्या जागा सोव्हिएत काळापासूनच्या झेनित रॉकेटच्या टप्प्यांनी अडवल्या आहेत. प्रत्येकी सुमारे नऊ टन, ८००-८५० किलोमीटरच्या आसपास, आणि बरेचसे एकमेकांच्या वस्तीत. दोन झेनित भिडले तर अठरा टन धातू विखुरला जाईल. युरोपचा 'एन्व्हिसॅट' हाही आठ टनांचा. २०१२ मध्ये त्याचा संपर्क तुटला, तेव्हापासून तो तसाच फिरतो आहे.

नासातल्या अभ्यासकांनी संगणकावर २०० वर्षांचा अंदाज चालवून पाहिला. नवे उपग्रह काम संपल्यावर नीट खाली आणले आणि त्यासोबत दर वर्षी पाच मोठ्या, निवडक वस्तू काढल्या, तर खालच्या कक्षेतली वाढ जवळपास थांबते असं दिसलं. वर्षाला पाच! त्यानंतर शेकडो छोटे उपग्रह एकदम सोडण्याचे दिवस आले, त्यामुळे तो आकडा आज तसाच लागू होणार नाही. तरी काम आवाक्यातलं आहे, एवढं त्यातून कळतं.

१०. मग लेझरने जाळून का टाकत नाहीत? छोटे तुकडे तरी जातील.

लेझरने तुकडा जाळायचा नसतो. त्याच्या पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाफ करून उडवायचा. ती वाफ एका बाजूला उडाली की तुकड्याला उलट बाजूला हलका धक्का बसतो. असे धक्के देत त्याची कक्षा खाली आणली की उरलेलं काम हवा करते. एक ते दहा सेंटिमीटरच्या, म्हणजे सगळ्यात छळणाऱ्या तुकड्यांवर उपाय म्हणून ही कल्पना गंभीरपणे घेतली जाते. नासाच्या २०२३ च्या एका खर्च-लाभ अहवालातही लेझरने छोटे तुकडे काढणं फायद्याच्या पर्यायांमध्ये होतं.

अडचण फक्त तंत्राची नाही. तुकडा हलवू शकणारा लेझर दुसऱ्याचा उपग्रहही आंधळा करू शकतो. असं यंत्र एका देशाने उभारलं तर बाकीचे त्याला शस्त्र म्हणतील, आणि त्यांचं म्हणणं चूक ठरवणं कठीण आहे. यांत्रिक हातालाही हीच शंका लागू होते.

११. दुसऱ्या देशाचा बंद पडलेला उपग्रह भारत उचलू शकतो का? बेवारसच आहे ना तो?

बेवारस नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार वस्तू ज्या देशाच्या नोंदीत आहे, तिच्यावर त्याच देशाचा हक्क राहतो. ती बंद पडली, फुटली, तरी राहतो. समुद्रात बुडालेल्या जहाजावर जसा उद्धार करणाऱ्याचा काही दावा असतो, तसला नियम वर नाही. सगळ्यात धोकादायक झेनित टप्पे उचलायचे तर रशियाची परवानगी हवी.

तुकड्यांचं आणखी अवघड. कुठला स्क्रू कोणाचा हे सिद्ध कसं करणार? आणि उचलताना काही चुकलं, वस्तू फुटली, तिचे तुकडे तिसऱ्याला लागले, तर भरपाई कोणी द्यायची? १९७२ च्या दायित्व करारात जमिनीवरच्या नुकसानीसाठी प्रक्षेपण करणारा देश बिनशर्त जबाबदार असतो, पण अवकाशातल्या नुकसानीसाठी कोणाची तरी चूक दाखवावी लागते. चांगलं काम करायला गेलेल्यावर दावा ठोकला जाऊ शकतो.

म्हणूनच आतापर्यंत जपान जपानचाच टप्पा निवडतो आणि युरोप युरोपचाच उपग्रह. ज्याने त्याने आधी आपलं अंगण झाडायचं. मला हा मार्ग पटतो, परवानगीसाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

१२. याचा पैसा कोण देणार?

सध्या सरकारं. कचरा उचलून कोणाला थेट कमाई होत नाही. अर्थतज्ज्ञांचा एक प्रस्ताव मला योग्य वाटतो: कक्षेत उपग्रह ठेवणाऱ्याने वार्षिक भाडं द्यावं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे भाडं वाढत जाऊन २०४० पर्यंत दर उपग्रहामागे वर्षाला सुमारे २ लाख ३५ हजार डॉलर असावं असं मांडलं होतं. जागा फुकट मिळते तोवर कोणी ती स्वच्छ ठेवत नाही, मग ती शहरातली मोकळी प्लॉट असो की कक्षा.

दंडाची सुरुवात झाली आहे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने डिश कंपनीला दीड लाख डॉलर दंड केला. निवृत्त उपग्रह ठरल्याप्रमाणे त्याच्या कक्षेपेक्षा ३०० किलोमीटर वर नेण्याऐवजी १२२ किलोमीटर वर नेऊनच सोडला होता (वर का नेतात, ते प्रश्न १३ मध्ये आहे). ही अशा कारणासाठीची पहिली कारवाई. त्याच नियामकाने खालच्या कक्षेतले उपग्रह काम संपल्यावर पाच वर्षांत खाली आणण्याचं बंधन घातलं आहे. आधीचा आंतरराष्ट्रीय दंडक २५ वर्षांचा होता.

१३. टीव्हीचे उपग्रह तर फार वर असतात. त्यांचं काय करतात?

३५,७८६ किलोमीटरवरून खाली आणायला फार इंधन लागतं. म्हणून शेवटचं इंधन राखून त्यांना आणखी सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलतात आणि बंद करतात. त्याला स्मशान कक्षा म्हणतात. ज्यांना स्वतःहून जाता येत नाही त्यांना ओढूनही नेता येतं: जानेवारी २०२२ मध्ये चीनच्या 'शिजियान-२१' ने 'बैदू' या चिनी दिशादर्शन यंत्रणेतला एक बंद पडलेला उपग्रह असाच वर नेऊन सोडला. अमेरिकेच्या 'एमईव्ही-१' ने २०२० मध्ये इंधन संपत आलेल्या 'इंटेलसॅट ९०१' ला जोडून घेऊन त्याचं आयुष्य वाढवलं. दुरुस्ती हाही कचरा कमी करण्याचाच मार्ग.

१४. भारत काय करतोय? आपणही कचरा केला आहेच ना?

केला आहे, आणि ते आपण मोकळेपणाने बोललं पाहिजे. डिसेंबर २००१ मध्ये पीएसएलव्हीचा कक्षेत राहिलेला चौथा टप्पा फुटला आणि तीनशेहून अधिक तुकडे झाले. त्यानंतर काम संपल्यावर टाक्यांमधलं उरलंसुरलं इंधन आणि दाब सोडून देण्याची पद्धत इस्रोने लावली. हा साधा उपाय जगभरातले पुढचे स्फोट टाळतो.

२७ मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'त आपण आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला. उंची मुद्दाम कमी, तीनशे किलोमीटरच्या आत ठेवली होती. तरी काही तुकडे उसळून बरेच वर गेले आणि शेवटचे खाली यायला तीनेक वर्षं लागली. चीनने २००७ मध्ये ८६५ किलोमीटरवर हेच केलं आणि तीन हजारांहून अधिक तुकडे झाले, त्यांतले बरेच आजही वर आहेत. रशियाने २०२१ मध्ये 'कॉसमॉस १४०८' फोडला, दीड हजारांवर तुकडे. उंचीचा फरक महत्त्वाचा आहे, पण माझ्या मते अशी चाचणी कोणीही, कुठल्याही उंचीवर करू नये.

आता जमेची बाजू, जी मोठी आहे. ७ मार्च २०२३ ला इस्रोने 'मेघा-ट्रॉपिक्स-१' ताबा ठेवून प्रशांत महासागरावर उतरवला. त्या उपग्रहाची बांधणी अशा उतरणीसाठी झालेलीच नव्हती. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'कार्टोसॅट-२' खाली आणला. जानेवारी २०२४ च्या पीएसएलव्ही मोहिमेत चौथा टप्पा ३५० किलोमीटरवर आणून प्रयोगांसाठी वापरला आणि मार्चमध्ये तो जळून गेला, मागे काही उरलं नाही. २०३० पर्यंत सरकारी आणि खासगी, सर्व भारतीय मोहिमा कचरामुक्त करण्याचं ध्येय जाहीर झालं आहे.

आणि १६ जानेवारी २०२५ ला 'स्पेडेक्स'चे दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. बातम्यांनी त्याकडे चंद्रमोहिमेची आणि अवकाश स्थानकाची तयारी म्हणून पाहिलं, ते बरोबरच आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसली: जवळ जाऊन अलगद धरण्याची कला. २००१ च्या त्या तुकड्यांशेजारी आपले आणखीही रिकामे टप्पे फिरत असतात. त्यांतला एक तरी आपणच खाली आणावा, असं मनापासून वाटतं.

१५. केसलर सिंड्रोम सुरू झाला आहे का?

डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी १९७८ मध्ये मांडलं की एका उंचीवर गर्दी ठरावीक हद्दीपलीकडे गेली की टकरींतून तुकडे आणि तुकड्यांतून टकरी अशी साखळी लागते. ती चित्रपटात दिसते तशी तासाभरात होत नाही, दशकानुदशकं चालते. ९०० ते १००० किलोमीटरच्या पट्ट्यात नवं काहीच सोडलं नाही तरी टकरींमुळे संख्या वाढेल, असं नासाच्या अभ्यासकांनी २००६ मध्येच दाखवलं होतं. त्या अर्थाने तिथे साखळीची पहिली कडी लागली आहे. खालच्या कक्षेत अजून हवा आपल्या बाजूने आहे.

१६. खाली आणून जाळणं तरी स्वच्छ आहे का? तो धूर कुठे जातो?

उत्तम प्रश्न. उपग्रह जळतो म्हणजे त्याचा धातू बारीक कणांच्या रूपात वरच्या हवेत राहतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात स्थितांबरातल्या गंधकाम्लाच्या सुमारे दहा टक्के कणांमध्ये उपग्रह-रॉकेटचं ॲल्युमिनियम आणि इतर धातू सापडले. ओझोनवर याचा काय परिणाम होईल याचा अभ्यास सुरू आहे. जपानच्या क्योतो विद्यापीठाने याच काळजीतून लाकडाचा एक छोटा उपग्रह केला, तो २०२४ च्या अखेरीस कक्षेत सोडला गेला. आजच्या घडीला मात्र वर ठेवण्यापेक्षा जाळणं परवडतं, कारण एका टकरीचं नुकसान शतकभर भोगावं लागतं.

१७. इतकं चांगलं ॲल्युमिनियम आहे, वरच वितळवून वापरता येणार नाही का?

भंगाराचा धंदा करणाऱ्या एका काकांनी हे विचारलं होतं आणि त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. कक्षेत पोचवलेला प्रत्येक किलो आधीच महाग पडलेला असतो. पण गोळा करण्याची अडचण तीच (प्रश्न ६) आणि मालकीचीही तीच (प्रश्न ११). कधी जमलंच तर झेनितसारख्या एकाच वस्तीतल्या मोठ्या टप्प्यांपासून जमेल.

१८. आमच्या वावरात असं काही पडलं तं काय करायचं?

हात लावू नका, लेकरांना आणि गुराढोरांना लांब ठेवा. गोळा दिसला तर ती दाबाची टाकी असू शकते. काही टाक्यांत हायड्राझिन नावाचं विषारी इंधन असतं. वास घेऊन पाहू नका, कापून पाहू नका, भंगारात तर मुळीच देऊ नका. पोलीस ठाणं किंवा तहसील कार्यालयाला कळवा, लांबून फोटो काढा, जागा आणि वेळ लिहून ठेवा.

वस्तू तुमच्या मालकीची होत नाही. १९६८ च्या करारानुसार सापडलेल्या वस्तूची माहिती सरकारने प्रक्षेपण करणाऱ्या देशाला द्यायची असते आणि त्याने मागितल्यास परतही करायची असते. पिकाचं किंवा घराचं नुकसान झालं असेल तर पंचनामा नक्की करून घ्या. भरपाईचा दावा एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जातो. १९७८ मध्ये सोव्हिएत 'कॉसमॉस ९५४' कॅनडात पडला, त्यात अणुभट्टी होती. त्याबद्दल कॅनडाला ३० लाख कॅनेडियन डॉलर मिळाले.

अंगावर पडण्याची भीती बाळगू नका. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या तुल्सा शहरात एका बाईंच्या खांद्याला रॉकेटचा हलका तुकडा लागला, इजा झाली नाही. २०२४ मध्ये फ्लोरिडात अवकाश स्थानकाच्या जुन्या सामानाचा पाऊण किलोचा तुकडा छत फोडून घरात शिरला. अशा घटना बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

१९. नागपुरातून हा कचरा डोळ्यांनी दिसतो का?

दिसतो. सूर्य मावळल्यावर साधारण दीड तास आणि पहाटे उगवण्याआधी तेवढाच वेळ. आपल्याकडे अंधार असतो पण कक्षेत ऊन असतं, म्हणून वस्तू चमकतात. 'हेवन्स-अबव्ह' संकेतस्थळावर नागपूर निवडलं की त्या संध्याकाळी दिसणाऱ्या ठळक वस्तूंची यादी वेळेसकट मिळते. नावापुढे 'रॉकेट' असेल ते रिकामे टप्पे. मोसम नोव्हेंबर ते मार्चचा, उन्हाळ्यात आपल्याकडे धुरकट असतं. फुटाळ्यावर दिव्यांचा उजेड फार, अंबाझरीकडे थोडं बरं. जमलं तर सिल्लारीला जा. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे.

चालू उपग्रह बहुतेक एकसारखा उजळ दिसत जातो. मेलेला टप्पा लोळत असतो, त्यामुळे तो उजळतो, मावळतो, पुन्हा उजळतो. दोन चमकांमधले सेकंद मोजा आणि वहीत लिहा. काही महिन्यांनी तोच टप्पा पुन्हा मोजा. गिरकी मंदावलेली असेल तर आकड्यात फरक दिसेल. जगभरचे हौशी निरीक्षक अशा नोंदी अनेक दशकं ठेवत आले आहेत, आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेल्या यानांना जवळ जाण्याआधी नेमकी हीच माहिती लागते.